पुस्तक मिटल्यावर

दहावीच्या प्रिलिमचा विज्ञानाचा पेपर तपासून मिळाला त्या दिवशी सई शाळेतून थेट माझ्याकडे आली. दप्तर सोफ्यावर टाकलं, पेपर काढून माझ्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. चाळीसपैकी सतरा. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, मला सगळं येत होतं गं, आदल्या दिवशी पूर्ण धडा तीनदा वाचला होता, पेपर समोर आला आणि काहीच आठवेना." तेवढ्यात ताई तिला न्यायला आली होती, दारातच चप्पल काढता काढता तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "अभ्यास केला असतास तर आठवलं असतं." सईने वळून आईकडे बघितलं आणि परत खिडकीबाहेर बघायला लागली. मला त्या सतरा मार्कांचं एवढं काही वाटलं नाही, प्रिलिमच होती, पण ताईचं ते वाक्य आणि त्यावर पोरीचं गप्प होणं, हे दोन्ही मला पुढचे कितीतरी दिवस टोचत राहिलं. कारण त्या मुलीला अभ्यास करताना मी बघितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत, पाहुणे घरात, बाहेर पोरांचा किल्ल्यावरून गोंधळ चाललेला आणि ही आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून पुस्तक वाचतीये, फराळाचं ताट बाजूला तसंच. ती खोटं बोलत नव्हती. आणि ताईही चुकीचं काही बोलत होती असं तिला स्वतःला वाटत नव्हतं, कारण पेपर तर समोर होता.

मग मी सईचं पुस्तक मागून घेतलं. विज्ञान भाग एक. उघडलं तर पिवळं, गुलाबी, पोपटी, तिन्ही रंगांचे हायलायटर, आणि काही पानांवर तर न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. त्या शाईचा एक गोडसर वास असतो, तो अजून येत होता पानांना. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, केप्लरचे तीन नियम सांग बघू. "ग्रहाची कक्षा ही लंबवर्तुळाकार असून..." एवढं एका दमात आलं आणि थांबलं. मग डोळे वर, मग ओठांची हालचाल, मग "थांब थांब, येतंय मला." नाही आलं. मी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं तर तिचा चेहरा एकदम उजळला, "हां, सूर्य त्या कक्षेच्या एका नाभीवर असतो! हेच गं, हेच म्हणणार होते मी." दुसरा नियम उघड्या पुस्तकातून वाचला, त्यालाही "हो, हा तर येतो मला." तिसऱ्यालाही. पुस्तक मिटलं की परत अंधार. वर्ग आवर्तकालाचा की अंतराचा, घन कशाचा, काही सांगता येईना.

तो उजळलेला चेहरा मी विसरू शकले नाही.

कारण त्यात काहीच खोटं नव्हतं. ओळखीचं वाक्य डोळ्यांसमोर आलं की आपल्याला मनापासून वाटतं की हे आपल्याला येतं. गाडीवर मागे बसून वर्षभर ज्या रस्त्याने गेलो तो रस्ता पाठ आहे असं वाटतं, आणि एक दिवस हँडल आपल्या हातात आलं की कुठल्या वळणाला आत घ्यायची ते सुचत नाही, तसं काहीतरी हे आहे. पुस्तक वाचताना प्रत्येक पुढची ओळ आपल्याला पुस्तकच देत असतं. पेपरात ती द्यायला कोणी नसतं. आणि गंमत नाही, वाईट गोष्ट ही आहे की जितक्यांदा वाचावं तितकं ते वाटणं घट्ट होत जातं. तिसऱ्यांदा वाचताना सगळं इतकं सहज सरकतं की मूल समाधानाने पुस्तक मिटतं आणि झोपतं. सई तशीच झोपली होती आदल्या रात्री.

याच्यावर अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी केलेला एक प्रयोग आहे, २००६ सालचा, मी त्याबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा सईचाच चेहरा आठवला. विद्यार्थ्यांना छोटे छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दल, एक समुद्री ऑटर या प्राण्याबद्दल. काहींनी तो उतारा चार बैठकांत परत परत वाचला. काहींनी पहिल्या एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत उतारा न बघता, कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहून काढलं, कुठलाही प्रश्न नाही, खूण नाही, नुसतं आठवायचं. दोन्ही गटांतल्या काहींची पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारेच पुढे, त्यांना ८३ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ७१. इथेच थांबलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, वाचन बरं. पण उरलेल्यांची आठवड्याने घेतली. तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि मला जे सगळ्यात लागलं ते हे, की आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असं आधीच विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. म्हणजे ज्यांचं जास्त जाणार होतं तेच जास्त निर्धास्त होते. दहावीतली पंधरा वर्षांची मुलगी कॉलेजातल्या मुलांपेक्षा वेगळं काय वागणार, आणि तिला हे कोणी कधी सांगितलं होतं? शाळेने नाही, क्लासने नाही, घरी तर "वाच" यापलीकडे आम्ही कोणी काही बोललोच नाही.

मला मात्र या सगळ्यात आमचे आजोबा आठवत राहिले. गावच्या घरात संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोती झाली की परवचा असायचा. आम्ही नातवंडं ओसरीवर रांगेत, आजोबा खांबाला टेकून, आतून आजीच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि चुलीचा धूर हळूहळू ओसरीपर्यंत येणारा, उदबत्तीचा वास त्यात मिसळलेला. पाढे म्हणायचे. बे ते तीस तर होतेच, शिवाय आजोबांच्या हौसेने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, ती म्हणताना सगळ्यांची जीभ अडखळायची. पण एक गोष्ट मला आता जाणवते की त्या ओसरीवर पुस्तक कधीच नव्हतं. पाढ्यांचं पुस्तक आत फडताळात असायचं, दुपारी बघायचं तेवढं बघा. संध्याकाळी फक्त तोंडाने. आणि रोज. काल बरोबर आलं म्हणून आज सुटका नाही, परवा परत तेच. अडलं की आजोबा आकडा सांगायचे नाहीत लगेच. "मागनं घे," म्हणायचे. मग दोन पायऱ्या मागे जाऊन परत यायचं आणि बहुतेक वेळा त्या धावेत अडलेला आकडा आपोआप यायचा. नाहीच आला तर ते हळूच सांगायचे आणि परत पुढे. रागावलेले मला आठवत नाहीत.

शाळेत तेच पाढे छडीच्या धाकाने म्हणायचे होते. उभं राहायचं, गुरुजी मध्येच कुठूनही विचारणार, सत्रा साते? आणि चुकलं की हात पुढे. मी ओसरीवर सतराचा पाढा धाडधाड म्हणायचे आणि शाळेत माझी वाचा बसायची. त्यामुळे पाठांतराच्या नावाने आज जेव्हा सगळे नाकं मुरडतात, घोकंपट्टी घोकंपट्टी म्हणतात, तेव्हा माझं मन दोन्हीकडे ओढतं. न समजता घोकलेलं काही कामाचं नाही हे खरंच आहे, औटकी मला कधी कशाला लागली नाही. पण त्या ओसरीवर जे चालायचं त्याचा गाभा, म्हणजे समोर काही नसताना स्वतःच्या डोक्यातून काढायचं, आणि चुकलं तर कोणी मारणार नाही, तो गाभा आपण घोकंपट्टीबरोबर फेकून दिला असं मला वाटतं. मुलांच्या हातात उरलं ते नुसतं वाचन आणि रंगीत पेनं.

पदवीनंतर काही काळ मी पुण्यात होते, स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने, सदाशिव पेठेत. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना अभ्यासिका म्हणजे काय ते सांगायला नको. लाकडी पार्टिशनचे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर चिकटवलेले नकाशे आणि कलमांच्या याद्या, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेले मोबाईल, पंख्याची घरघर, आणि खुर्चीवर पिशवी ठेवून चहाला गेलेली माणसं. तिथे तासांना फार मान होता. बारा तास बसणारा, चौदा तास बसणारा, अशी ओळख असायची लोकांची. माझी रूममेट मात्र अभ्यासिकेत सगळ्यात कमी बसायची. दुपारपर्यंत वाचायची आणि संध्याकाळी मला घेऊन सारसबागेपर्यंत चालत जायची आणि सगळा रस्ता मला शिकवत जायची, माझा विषय असो नसो. "कलम तीनशे बावन्न राष्ट्रीय आणीबाणी, संसदेची मंजुरी किती दिवसांत? एक महिना. तीनशे छपन्न राष्ट्रपती राजवट, मंजुरी दोन महिन्यांत. आणि तीनशे साठ आर्थिक, ती पण दोन. मग एक महिना फक्त बावन्नलाच का?" असं स्वतःच विचारायची, स्वतःच भांडायची, मध्येच थांबून "नाही नाही, चुकलं माझं" म्हणत परत पहिल्यापासून. शास्त्री रोडवरच्या त्या बसच्या आवाजात आणि भेळेच्या गाड्यांच्या वासात ती अख्खी राज्यघटना बोलत चालायची. चारचौघात लोक वळून बघायचे, तिला काही वाटायचं नाही. ती पुढे मंत्रालयात लागली. मी गावाकडे परत आले, पतसंस्थेत नोकरी धरली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण चौदा तास बसणाऱ्यांपैकी कितीतरी हुशार, प्रामाणिक मुलं वर्षानुवर्षं तिथेच राहिलेली मी बघितली, त्यांचं मात्र वाईट वाटतं, आणि ते सगळं नुसतं अभ्यासाच्या पद्धतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, जागाच किती निघतात ते सगळ्यांना माहीत आहे. तरी सुद्धा.

तेव्हा राज्यसेवेची मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती, २०१२ पासून. चार पर्याय समोर, त्यातला ओळखायचा. मग आयोगाने ती परत वर्णनात्मक करायचं ठरवलं आणि २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, तयारीला वेळ द्या म्हणून, आणि ते २०२५ पर्यंत पुढे गेलं. बाहेरच्या लोकांना वाटलं, अभ्यासक्रम साधारण तोच तर आहे, एवढा काय फरक पडतो. मला त्या मुलांचं म्हणणं अगदी पटलं होतं. चार पर्यायांतून बरोबर ओळखणं आणि कोऱ्या पानावर स्वतः उभं करणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच्या सरावाने दुसरं येत नाही. सई पलंगावर बसून ओळखण्याचाच सराव करत होती, बोर्ड तिला उभं करायला सांगणार होतं.

तर त्या प्रिलिमनंतर आम्ही दोघींनी ठरवलं. रोज संध्याकाळी शाळा-क्लास आटपून ती माझ्याकडे येणार, पतसंस्थेतून मी येईपर्यंत तिने एक धडा वाचून ठेवायचा, फक्त एकदा, नीट, समजून. मी आले की पुस्तक माझ्याकडे. तिच्यापुढे पाठकोरे कागद, आमच्या ऑफिसातल्या जुन्या प्रिंटआउटचे. जे आठवतं ते लिही. क्रम चुकू दे, शब्द चुकू दे, आकृती वाकडी येऊ दे. सुटलेलं मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनने त्याच कागदावर भरायचं. पहिले काही दिवस फार वाईट गेले. विद्युतधारेचे परिणाम हा धडा, तिने पाऊण पान लिहिलं आणि रडायलाच लागली, "मला काहीच येत नाही गं, आधी तरी येत होतं." मला पोटात तुटलं. आधी येत होतं असं वाटत होतं आणि आता येत नाही हे दिसत होतं, आणि ते दिसणं फार क्रूर असतं त्या वयात, फेब्रुवारी डोळ्यांसमोर असताना. मी तिला चहा करून दिला, आलं घालून, आणि आम्ही तो कागद परत बघितला. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तिने बोटांसकट बरोबर काढला होता. चलित्र आणि जनित्र, म्हणजे मोटर आणि जनरेटर, यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे काहीच येत नाही हे खरं नव्हतं, दोन गोष्टींची गल्लत होत होती, आणि कुठली ते आता दोघींनाही कळलं होतं. तीनदा वाचून ते कधीच कळलं नसतं.

परत परत कधी विचारायचं हाही प्रश्न होता. जर्मनीत एबिंगहाऊस नावाच्या माणसाने १८८५ मध्ये छापलेला अभ्यास आहे, त्याने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही वेळाने तीच यादी परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त फायदा निघून जातो, एका दिवसाने साधारण एक तृतीयांश उरतो, पण पुढे उतार मंद होतो, महिन्याने सुद्धा पाचवा हिस्सा शिल्लक असतो. धड्यातल्या वाक्यांना अर्थ असतो म्हणून ती इतक्या लवकर जात नाहीत, पण जातात याच पद्धतीने, आधी भराभर आणि मग सावकाश. त्यामुळे आम्ही धड्याच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने तारखा टाकायला लागलो, दुसऱ्या दिवशी एकदा, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी. दरवेळी आधी कोरा कागद, मग पुस्तक. जे आलं त्याची पुढची तारीख लांब, जे नाही आलं ते उद्याच. आजोबा रोजच घ्यायचे, पण त्यांच्याकडे पाढेच होते, इथे दहा-दहा धड्यांची दोन पुस्तकं, इतिहास, भूगोल, भाषा, सगळ्यांना रोज कोण पुरणार.

गणितात वेगळंच निघालं. सई सरावसंच सोडवायची ते धडाधड सुटायचे. महत्त्वमापनाचा, म्हणजे घनफळ-पृष्ठफळांचा, धडा घ्या, एका संचात सलग शंकू आणि वृत्तचिती, सूत्र वर लिहिलेलं, संख्या टाकायच्या, उत्तर. पण धड्याच्या शेवटी जो संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो तो पूर्ण कोरा. "तो सर करून घेत नाहीत, आणि अवघड असतो." मी बघितलं तर गणितं अवघड नव्हती, फक्त कुठलं सूत्र लावायचं ते आधी ठरवावं लागत होतं, शंकूछेद आहे, की शंकूवर अर्धगोल बसवलाय, की नुसती वक्रपृष्ठफळाची गोष्ट आहे. बोर्डात तर ते ठरवणंच निम्मं काम. रोहरर आणि टेलर या दोन संशोधकांनी २००७ मध्ये हेच दाखवलं होतं, योगायोगाने घनफळाच्याच गणितांवर. एका प्रकारची सगळी गणितं एकत्र सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांना ६० च. आठवड्याने परीक्षेत मात्र पहिल्यांना २० आणि दुसऱ्यांना ६३. हे आकडे मी ताईला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण सरावात चुका दिसल्या की पोरीचा धीर खचतो त्याचं काय?"

हा प्रश्न खरा आहे आणि मी त्यावर खूप विचार केला.

ताईला सई वाचत बसलेली दिसली की बरं वाटतं. तिने दिवसभर शाळेत स्वयंपाकाचं काम केलेलं असतं, घरी येऊन परत चूल, त्यातून वाकून आत बघितलं आणि लेक पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसली की तिला वाटतं चाललंय नीट. माझ्याकडे येऊन तीच लेक कागदाकडे बघत पेन चावत बसते, दहा मिनिटं काहीच लिहीत नाही, मध्येच छताकडे बघते, हा अभ्यास आहे हे कोणाला पटावं? "किती तास केलास?" हा प्रश्न आपल्याला विचारता येतो कारण तास दिसतात. आठवायची धडपड दिसत नाही. आणि मला असं वाटायला लागलंय की मुलं पुस्तक मिटणं आळसाने टाळत नाहीत. घरात, शाळेत, क्लासमध्ये, चुकीचं उत्तर दिलं की काय होतं ते त्यांना पक्कं माहीत असतं. सईच्या क्लासमध्ये चाचणीचे मार्क व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात, नावानिशी, कमी मार्कवाले खाली. तिच्या बाबांच्या मोबाईलवर ती यादी येते आणि जेवताना ताटावर त्याची चर्चा होते. मग एकट्यात सुद्धा मूल स्वतःला प्रश्न विचारायला घाबरतं. वाचण्यात कोणी चुकत नाही. उघड्या पुस्तकापुढे बसलेल्या मुलाला कोणी अपमान करून उठवत नाही. एवढी एकच सुरक्षित जागा आपण त्यांना ठेवली आणि मग म्हणतो, अभ्यास केला असता तर आठवलं असतं.

म्हणून मला कागदांपेक्षा, तारखांपेक्षा ती संध्याकाळची बैठक महत्त्वाची वाटते, जिथे चुकलेलं कोणी मोजत नाही. ते कागद ताईला दाखवायचे नाहीत असं मी सईला पहिल्याच आठवड्यात कबूल केलं होतं. ताईला ते आवडलं नाही, आमचं त्यावरून थोडं वाजलंही. शेवटी तिला एकच सांगितलं, तास विचारू नकोस, रात्री जेवताना विचार की आज काय शिकलीस ते मला सांग, मला कळेल असं. ताई सातवीपर्यंत शिकलेली, तिला वाटलं आपल्याला काय कळणार. पण सईला तेच बरं पडलं, कारण ज्याला माहीत नाही त्याला सांगताना मधलं काही गाळता येत नाही. आनुवंशिकतेचा धडा ताईने असाच भाकरी करता करता ऐकला, आणि दोनदा मध्येच थांबवून विचारलं, म्हणजे मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं? हो, म्हणाली सई, आईकडून एक्सच येतो, बापाकडून एक्स किंवा वाय. ताई काही बोलली नाही बराच वेळ. तिला काय काय ऐकवलं गेलं होतं सईच्या वेळी ते मला माहीत आहे.

झोपेवरून मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करून वाचलेलं सकाळी डोक्यात तरंगत असतं आणि पहिल्या अवघड प्रश्नाला खाली बसतं, शिवाय दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला झोपच लागते. दहा वाजता दिवा बंद, मोबाईल माझ्या उशाशी. सई दोन दिवस चिडली, मग सवय झाली.

आता डिसेंबरपासून शेजारची आणखी तिघं येतात. जाहिरात वगैरे नाही, सईने सांगितलं म्हणून. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा मी ऑफिसातून आणते, साहेबांना सांगूनच. दोघीजणी एकमेकींना विचारतात, मोठ्याने, हसतात, भांडतात, ते ऐकायला फार बरं वाटतं. तिसरा एक मुलगा आहे, तो बोलायचाच नाही. कागद दिला तर एक ओळ लिहून हाताखाली झाकून बसायचा. शाळेत त्याला वर्गासमोर काहीबाही बोललेले आहेत असं सई म्हणाली, मी खोलात गेले नाही. त्याला विचारणं मी सोडूनच दिलं आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं, म्हटलं तू मला विचार. भूगोल निघाला, भारत आणि ब्राझील. पहिल्या दिवशी त्याने पुस्तकातले स्वाध्यायाचे प्रश्न जसेच्या तसे वाचले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःचे प्रश्न काढायला लागला, आणि प्रश्न काढायला धडा डोक्यात असावाच लागतो. काल पुस्तक मिटलेलंच होतं त्याच्या मांडीवर आणि त्याने विचारलं, अवर्षण चतुष्कोन कुठे आहे? मी म्हटलं, ब्राझीलच्या ईशान्येला. "का पण तिथेच?" म्हटलं, पर्जन्यछायेचा प्रदेश आहे म्हणून. "असं नाही चालणार," तो म्हणाला, "वारे कुठून येतात, कुठे अडतात, अजस्र कड्याचं काय, सगळं सांगा," आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.